पेशी म्हाताऱ्या, मावशी नाही

माझ्या मावशीनं चौतीस वर्षं फर्निचरला पॉलिश केलं. लाखेचं पॉलिश, कापसाच्या बोळ्यानं, हातानं. कारखान्यात सुतार अकरा आणि पॉलिशवाली ती एकटी. सुतारांनी तिचं नाव आरसाबाई पाडलं होतं, कारण तिच्या हाताखालून गेलेल्या टेबलावर वाकलं की आपला चेहरा दिसायचा, आणि आहे त्यापेक्षा जरा बरा दिसायचा. गिऱ्हाईक टेबलावर हात फिरवायला लागलं की ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायची, "डोळ्यांनी बघा, हातांनी नको!" लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं तरी हेच उत्तर द्यायची आणि स्वतःच हसत सुटायची.

राहायची आमच्याकडे, पुढच्या खोलीत. संध्याकाळी ती दारात आली की तिच्याआधी स्पिरिटचा वास घरात यायचा. नखं कायम तपकिरी. कारखान्यातल्या तिच्या खोलीला दोन मोठ्या खिडक्या होत्या, पण त्या उघडायला तिचीच बंदी होती. बाहेरची धूळ ओल्या पॉलिशवर बसली की आठवडाभराची मेहनत वाया. आत मात्र काचकागदानं घासलेल्या लाकडाचा पिठासारखा बारीक भुसा दिवसभर तरंगत असायचा. तोंडाला रुमाल बांधायची, पण आठवण झाली तर.

पन्नाशी उलटल्यावर ती जिन्यात थांबायला लागली. आधी "चप्पल सुटली" म्हणून थांबायची, मग "किल्ली शोधतेय" म्हणून. आईनं एक दिवस विचारलं, "रोज किल्ली हरवते का गं तुझी?" तेव्हा कुठे डॉक्टरकडे जायला कबूल झाली.

तिथं एका नळीत जोरात फुंकायला लावलं. फुंका, फुंका, अजून फुंका, असं करत तीनदा. डॉक्टरांनी कागद बघितला आणि विचारलं, "वय काय तुमचं?"

"छप्पन्न."

"तुमच्या फुफ्फुसांचं वय ऐंशीच्या घरात दिसतंय."

"मला न विचारता?" मावशी म्हणाली.

श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्या होत्या आणि हवेच्या बारीक पिशव्या सैल पडल्या होत्या. हे दुखणं बरं होत नाही, सांभाळत राहावं लागतं. तिनं आयुष्यात सिगारेटला हात लावला नव्हता. भुसा आणि स्पिरिट यांनी आपला वाटा उचलला असणार, लहानपणी चुलीपुढे गेलेल्या वर्षांनीही उचलला असेल, असं डॉक्टर म्हणाले. त्या महिन्यात तिनं कारखाना सोडला. शेवटच्या दिवशी मालकाला बसवून घेतलं आणि नव्या माणसासाठी हवा बाहेर फेकणारा पंखा लावून घेतला आणि चांगले मास्क आणवले, मगच किल्ल्या दिल्या.

पुढचे दोन हिवाळे वाईट गेले. दुसऱ्या हिवाळ्यात आईला आणि मावशीला एकाच आठवड्यात सर्दी झाली. आई तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. आई तीन दिवस शिंकली आणि चौथ्या दिवशी पडदे धुवायला काढले. मावशी बारा दिवस हॉस्पिटलात होती, त्यातले चार नाकाला ऑक्सिजन लावून.

त्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. रक्त काढणं, नळ्या यंत्रात फिरवणं, पेशी मोजणं हे माझं काम. त्यामुळे जेवायच्या सुट्टीत मी तिच्या कॉटशी असायची. ऑक्सिजनचा मास्क निघाल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "एका आईच्या दोन मुली, सर्दी तीच, हवा तीच. मग ती पडदे धुते आणि मी इथं का?"

प्रश्न मला होता, पण उत्तर शेजारून आलं. श्वसनविभागाच्या डॉक्टरीणबाई पलीकडच्या पेशंटला तपासत होत्या. त्या वळल्या, स्टूल ओढून बसल्या आणि तापाच्या तक्त्यामागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढायला लागल्या.

"जंतूंशी लढायला आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात," त्या म्हणाल्या. "लढाई आली की एकीच्या दोन, दोनच्या चार अशा वाढतात. पण दर वेळी दुभंगताना त्यांच्या आतल्या धाग्यांची टोकं थोडी झिजतात. झिजता झिजता एक वेळ अशी येते की पेशी वाढायचं थांबवते. म्हातारी होते. पण मरत नाही. तिथंच बसून सूज वाढवणारी रसायनं सोडत राहते. तुमच्यासारख्या दुखण्यात फुफ्फुसं सतत सुजलेली, पेशींना उसंत नाही. म्हणून अशा पेशी वयाच्या मानानं लवकर साठतात, असं आम्हाला वाटतंय."

मावशीनं चित्राकडे निरखून बघितलं. "म्हणजे आमचा जुना फोरमन. काम शून्य, खुर्ची सोडायची नाही, आणि दिवसभर आरडाओरडा करून इतरांचे हात थांबवायचे."

डॉक्टरीणबाई हसल्या. "विद्यार्थ्यांना हे समजवायला मला तास लागतो."

"मग त्याला काढता येतं का?"

"तेच शोधायचंय. आधी तो खरंच आहे का आणि किती नुकसान करतो, ते मोजायचंय." मग त्यांनी आपल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. फुफ्फुसाचं हे दुखणं असलेली ऐंशी माणसं हवी होती आणि त्याच वयाची चाळीस निरोगी. सगळ्यांना फ्लूची लस द्यायची, आणि एकदा लसीआधी, चारदा लसीनंतर असं वर्षभरात पाच वेळा रक्त घ्यायचं. पेशी किती म्हाताऱ्या आहेत आणि लसीला कसा प्रतिसाद देतात, ते बघायचं. "तुम्हाला याचा लगेच काही फायदा होणार नाही," हेही त्यांनी तिथंच सांगितलं.

"पॉलिश मी माझ्या घरासाठी कुठे करत होते?" मावशी म्हणाली आणि चष्मा मागितला. अर्जाची सगळी सहा पानं वाचून मगच सही केली.

आईनं निरोगी बाजूला नाव दिलं. "म्हणजे तुला कळेल कोण म्हातारं आहे ते," ती मावशीला म्हणाली.

नात्यातलं रक्त मी काढायचं नाही, असा नियम होता. ते माझी सहकारी काढायची. माझ्याकडे नळ्या यायच्या त्यांवर फक्त आकडे. मावशी घरी विचारायची, "कशा आहेत माझ्या म्हाताऱ्या?" मी म्हणायची, "मला माहीत नाही." आणि खरंच माहीत नसायचं.

पहिल्या दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसरी आली ती कडाक्याच्या थंडीत. रक्त द्यायला दोन आठवड्यांची मुदत होती. पहिला आठवडा संपून वर एक दिवस गेला तेव्हा ऐंशीपैकी सत्तेचाळीस आले होते. डॉक्टरीणबाई फोन करून थकल्या. लोक "येतो, येतो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. त्या मला म्हणाल्या, "एवढे गळाले तर या अभ्यासाला काही अर्थ उरणार नाही. लोकांना महत्त्वच कळत नाही याचं."

मी हे घरी बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मावशी हॉस्पिटलात हजर. रक्त घ्यायची खोली दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर "दुरुस्ती चालू आहे" अशी पाटी पाच महिने होती, दुरुस्ती मात्र कोणी चालू केलेली पाहिली नव्हती. मावशी अर्धा जिना चढून मधल्या वळणावर वॉचमनचं स्टूल टाकून बसली. दीड तास बसली. मग तशीच खाली उतरून डॉक्टरीणबाईंच्या दारात उभी राहिली. मी तिथंच होते.

"आज नऊ माणसं आली," ती म्हणाली.

"पाच," डॉक्टरीणबाई यादी बघून म्हणाल्या.

"वर पाच पोचली. नऊ आली. चार माझ्यासमोरून परत गेली. एक बाई दहा मिनिटं पायरीवर बसल्या, घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, आता वेळ टळली. तुमच्या यादीत त्या गैरहजर. बाई, तुम्ही दम लागणाऱ्या माणसांना थंडीत सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी, अडतीस पायऱ्या चढायला सांगता आणि म्हणता महत्त्व कळत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या वरिष्ठांशी इतकं सरळ कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला.

"वेळ बदलता येणार नाही," त्या हळू म्हणाल्या. "पांढऱ्या पेशींचं प्रमाण दिवसाच्या वेळेनुसार बदलतं. पहिल्या दोन फेऱ्या आठच्या सुमारास झाल्यात. आता दुपारी घेतलं तर तुलनाच होणार नाही."

"वेळ राहू दे. टेबल खाली आणा."

"आणि उपाशीपोटी…" डॉक्टरीणबाईंनी कपाटातून अभ्यासाचा मूळ आराखडा काढला आणि बोटानं ओळी वाचत गेल्या. पानं उलटली, परत मागे आल्या. "यात तर कुठेच नाही. या तपासण्यांना उपाशी राहायची गरजच नाही. कोणीतरी सवयीनं सूचनापत्रात छापलंय."

"मग चहा पिऊन येऊ दे त्यांना," मावशी म्हणाली. "सकाळचा कफ सुटायला गरम काही लागतं."

तळमजल्यावर मोडक्या कॉटांची खोली होती. दोन शिपाई आणि मी, आम्ही ती दुपारपर्यंत रिकामी केली. मावशी दारात बसून कोणती कॉट कशी तिरकी काढायची ते सांगत होती, चौतीस वर्षं अवजड कपाटं दारांतून बाहेर काढल्याचा अनुभव. मुदतीचे पाच दिवस उरले होते. डॉक्टरीणबाईंनी राहिलेल्या प्रत्येकाला फोन करून विचारलं, आमच्याच अभ्यासातल्या एक बाई तुमच्याशी बोलल्या तर चालेल का. हो म्हणाले त्यांना मावशीनं फोन केले. तिचा फोन ऐकण्यासारखा असायचा. दोन वाक्यं, मग दम, मग दोन वाक्यं. पलीकडेही तसंच. मधल्या शांततेचं दोघांनाही काही वाटत नव्हतं.

खाली टेबल आलंय म्हटल्यावर एकोणीस जण आले. ज्यांना घराबाहेरच पडता येत नव्हतं, त्यांच्या घरी सकाळी आठला मी माझ्या स्कूटरवर जायची, मागे मावशी, मांडीवर नळ्यांची थंड पेटी. अशी पाच घरं झाली. त्यातलं शेवटचं सांगितलंच पाहिजे.

ते घर एका निवृत्त बस ड्रायव्हरचं होतं. तिसरा मजला. या ड्रायव्हरकाकांनी फोनवर "या" म्हटलं होतं, पण मी वर जाऊन बेल वाजवली तेव्हा दार न उघडताच म्हणाले, "नको. राहू दे. काय मिळणार माझ्या रक्तात?" मी दहा मिनिटं विनवण्या केल्या आणि खाली आले.

मावशीनं ऐकून घेतलं, स्कूटरवरून उतरली आणि म्हणाली, "पेटी धर."

"अगं, तीन मजले आहेत!"

"मोजता येतं मला."

हॉस्पिटलातल्या श्वासाच्या व्यायामाच्या वर्गात शिकवलेल्या पद्धतीनं ती चढली. नाकानं श्वास आत, शीळ घालताना करतो तसे ओठ करून हळूहळू बाहेर, आणि सोडत्या श्वासाला दोन पायऱ्या. वळणावर कठडा धरून थांबायची. दुसऱ्या मजल्यावर तिचे ओठ निळसर दिसले आणि मी म्हटलं, आता पुरे. तिनं बोलण्यात दम घालवला नाही, फक्त बोट वर केलं. सोळा मिनिटं लागली. दारापाशी पोचली तेव्हा बेल वाजवायचंही त्राण नव्हतं. भिंतीला टेकून ती नुसती श्वास घेत उभी राहिली, घरघर वाजत होती.

आणि दार आपोआप उघडलं. तो आवाज काकांनी आतून ओळखला होता. त्यांचा स्वतःचाच तर आवाज तो.

"तुम्ही चढून आलात?" ते म्हणाले. "अशा?"

मावशी आत गेली, खुर्चीत बसली, पाच मिनिटं दम खात राहिली. काकांनी पाण्याचा पेला पुढे केला. मग तेच बोलले. "बाई, मी बत्तीस वर्षं सिगारेटी ओढल्या. बायको सांगून सांगून गेली. माझं झालं ते मी केलं. ते आणखी मोजून कोणाला दाखवायचं?"

"मी एकही ओढली नाही," मावशी म्हणाली. "पण माझ्या खोलीच्या खिडक्या मीच बंद ठेवायची. लाकडाला धूळ नको म्हणून. स्वतःला चालेल म्हणून. आता काय, दोघं बसून कोणाचा दोष मोठा ते ठरवायचं?" तिनं दम घेतला. "तुम्ही आला नाहीत तर काय होईल सांगू? ज्यांना जिना चढता येतो त्यांचंच रक्त मोजलं जाईल. आणि उद्या छापून येईल, या दुखण्यात फारसं काही बिघडत नाही. तुमच्या-माझ्यासारखे त्यात कुठेच नसतील."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"आठ वाजून चाळीस झालेत, ड्रायव्हरसाहेब. नऊपर्यंतच चालतं. वेळेवर गाडी सोडायची सवय असेल ना?"

काकांनी बाही वर केली. मी पेटी उघडली आणि नळी लावली.

पाच महिन्यांनी शेवटची फेरी झाली. चार जणांनी ठाम नकार दिला होता, दोघं गाव सोडून गेले, आणि तिघं त्या वर्षात वारले. उरलेल्या एकाहत्तर जणांची पाचही रक्तं पूर्ण झाली. ड्रायव्हरकाका शेवटच्या दोन्ही वेळांना स्वतः आले, तळमजल्यावर, इस्त्रीचा शर्ट घालून.

आकडे हाती आल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. हा एका हॉस्पिटलातला लहानसा अभ्यास आहे, यावरून सगळ्या जगाबद्दल बोलता येणार नाही, असं आधीच सांगून टाकलं. मग सांगितलं की या ऐंशीजणांत म्हाताऱ्या पेशी त्याच वयाच्या निरोगी माणसांपेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. लस लागू पडली होती, पण कमी जोरानं, आणि लवकर ओसरली. "आणि एक," त्या म्हणाल्या. "सगळ्यात जास्त म्हाताऱ्या पेशी कोणाच्या होत्या? जे तिसऱ्या फेरीत जवळजवळ सुटले होते त्यांच्या. त्यांना वगळून मी गणित करून बघितलं. फरक निम्मा दिसतो."

मी मावशीकडे बघितलं. ती पुढच्या रांगेत, हाताची घडी घालून, गंभीर चेहऱ्यानं बसली होती. पण तिची मान मला ओळखता येते. पॉलिश मनासारखं झालं की ती अशीच ताठ व्हायची.

"मग या म्हाताऱ्यांना घालवायचं औषध?" तिनं विचारलं.

"अजून नाही. जगात बरेच जण त्यामागे आहेत. तोवर लस चुकवायची नाही, व्यायाम सोडायचा नाही, इनहेलरचं औषध नीट ओढायचं, धूर-धूळ टाळायची."

"म्हणजे जुनंच," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"जुनं आहे ते आधी नीट करा," मावशी म्हणाली, आणि सगळे हसले. हसण्यातून खोकला सुरू झाला तो दोन मिनिटं थांबेना.

निघताना आईनं डॉक्टरीणबाईंना गाठलं. "माझ्या पेशी हिच्याहून तरुण ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकेकट्याचे आकडे सांगायचे नाहीत असं ठरलंय. आईनं ते "हो" असंच समजून घेतलं, आणि मावशीला घरी येईपर्यंत "म्हातारे" अशी हाक मारली.

त्याच वर्षी हा अभ्यास डॉक्टरांच्या मोठ्या सभेत मांडायचा ठरला. डॉक्टरीणबाईंनी मावशीला आग्रहानं बोलावलं. तोवर तिला चालताना ऑक्सिजन लागायला लागला होता. छोटा सिलिंडर चाकांच्या गाडीवर ठेवून ती सभागृहात शिरली, ती अशी की गाडी तिची असावी आणि बाकीचे पायी आलेले. प्रश्नांच्या वेळी मागून एक वयस्कर प्राध्यापक उठले. "आमच्या अभ्यासांत या आजाराची निम्मी माणसं वर्षभरात गळतात. तुमची इतकी कमी कशी गळाली?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्यांच्याकडे आहे," आणि मंचावरून उतरून माइक मावशीच्या हातात दिला.

मावशी उठली. शंभरेक डॉक्टर वळून बघत होते. तिनं आधी श्वास घेतला, शीळ घालायच्या ओठांनी सोडला, कोणाचीही घाई न बाळगता.

"साहेब," ती म्हणाली, "आम्ही विशेष काही केलं नाही. टेबल खाली आणलं. आणि माणसं आजारी आहेत, हे लक्षात ठेवलं."

प्राध्यापक टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्यामागून सगळं सभागृह. माझ्या शेजारच्या अनोळखी डॉक्टरनं विचारलं, "कोण आहेत या? कुठल्या विभागाच्या?" मी सांगितलं, "पॉलिश विभाग. माझी मावशी आहे."

आता ती त्रेसष्टची आहे. फुफ्फुसं सुधारलेली नाहीत, ती सुधारणारही नव्हती. गेल्या हिवाळ्यात एकदा भरती झाली, पाच दिवसांत घरी आली. दर मंगळवारी व्यायामाला जाते, आणि सहा मिनिटांत किती मीटर चालली ते फोन करून ड्रायव्हरकाकांना कळवते, मुद्दाम. हॉस्पिटलात नव्या अभ्यासांची कागदपत्रं तपासणारी समिती आहे, तिच्यावर रुग्णांच्या बाजूनं एक जागा असते. ती जागा तिला मिळाली. मसुदे घरी येतात आणि ती पुढच्या खोलीत लाल पेन्सिल घेऊन बसते.

परवा एक तरुण डॉक्टर आपला मसुदा परत न्यायला आला होता. बिचारा घाबरलेला होता. मावशीनं एकाच ठिकाणी खूण केली होती, शेवटच्या पानावर.

"बाकी चांगलं लिहिलंय तुम्ही," ती म्हणाली. "फक्त इथं घाला, की निकाल लागल्यावर तो ऐकायला आम्हाला बोलवाल."

त्यानं तिथंच उभ्या उभ्या, टेबलावर वाकून ते वाक्य लिहिलं.